दोन ताटांचं जेवण

आमच्या घरात सत्तावीस वर्षं जेवायला एकच ताट वाढलं जात होतं. आधी हे जेवायचे, मग त्याच ताटात मी. ऐकून नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा. माझी पोरगी पाचवीत होती तेव्हापासून मुरडते आहे. तिचं म्हणणं, आई, तू काय मोलकरीण आहेस का? मी म्हणायचे, मोलकरणीला कुणी आपल्या ताटात जेवू देतं का? गप बस आणि तुझं खा.

माझं माहेर पहूरकडचं, सासर धुळ्याचं. लग्न होऊन आले त्या दिवशी सासूबाईंनी यांचं जेवून झालेलं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि त्यातच मला वाढलं. मला काही वाटलं नाही, माझी आईही तशीच जेवायची. पुढे सासूबाई गेल्या, गल्लीतल्या बायका टेबलाखुर्चीवर नवऱ्याशेजारी बसून जेवायला लागल्या, माझं मात्र तेच चालू राहिलं. सवय म्हणा नाहीतर खोड म्हणा. शिवाय मला भाकरी तव्यावरची गरमच वाढायची असते. मी ओट्याशी उभी, तोंड गॅसकडे, आणि हे माझ्या पाठीमागे पाटावर. भाकरी फुगली की वळायचं, यांच्या ताटात टाकायची, काय संपलंय ते बघून वाढायचं, की पुन्हा परातीकडे. यांचं ताट मला पाठ होतं. यांना भाजी किती लागते, चटणी ताटात कुठे ठेवली तर चालते, सगळं. त्या ताटाच्या वर एक तोंडही आहे आणि ते जेवताना बघावं, असं मला कधी सुचलं नाही.

आता पुढचं सांगते, ते मी त्या दिवसांत भेटेल त्याला सांगत सुटले होते. हे माझ्यासाठी ताटात काढून ठेवायला लागले होते!

तुम्ही आमच्या ह्यांना ओळखत नाही म्हणून तुम्हाला त्यात काही वाटणार नाही. यांचं विहिरीच्या मोटारी भरायचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची. दिवसभर मान खाली. घरी आले तरी मान खालीच. या माणसानं सत्तावीस वर्षांत मला एक गजरा आणला असेल तर शपथ. साडी कशी दिसते विचारलं तर "साडीसारखी" म्हणणारा माणूस. आणि हा माणूस जेवून उठला की ताटात पापडाचा मोठ्ठा तुकडा तसाच. भाकरीचे कडक काठ गोल काढून एका बाजूला ठेवलेले. तळलेली मिरची अख्खी. शेंगदाण्याची चटणी मी वाढली तेवढीच्या तेवढी. मला कडक काठ आवडतात, भाकरीचा मऊ भाग मी नाइलाजानं खाते, हे यांना इतक्या वर्षांनी कळलं तर! पहिल्यांदा मी म्हणाले, "अहो, राहिलं की, खा ना." तर म्हणाले, "तू खाय." दोनच शब्द. पण माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या हो. पन्नाशीला आलेली बाई मी, त्या रात्री भांडी घासताना गाणं म्हणत होते.

मग ते रोजचंच झालं. मी काय करायचे, मुद्दाम पापड जास्त भाजायचे, मिरच्या दोन जास्त तळायच्या. हे ठेवायचे, मी खायचे. पोरीला फोनवर टोमणा मारायचे, बघ, तुमचं ते प्रेम फोनवरच्या फुलांचं, आमचं ताटातलं. ती म्हणायची, आई, धन्य आहेस.

त्याच सुमाराला यांनी तंबाखूही सोडली. वीस-बावीस वर्षं दुकानात बसल्या बसल्या गालात पुडी धरलेली असायची. मी भांडून, रडून, उपास करून थकले होते. एक दिवस आपणहून म्हणाले, सोडली. मला वाटलं, उशिरा का होईना, या घरात माझ्या शब्दाला किंमत आली. तोंड मोकळं वाटायला नको म्हणून मीच भाजकी सुपारी आणायचे, अडकित्त्यानं बारीक कातरून डबी भरून द्यायचे. नुसत्या सुपारीनं काय होतंय, सुपारी तर देवापुढेही ठेवतो आपण.

जानेवारीत आमच्या लग्नाचा वाढदिवस असतो. आम्ही तो कधी केलेला नाही. या वर्षी पोरीनं नाशिकहून एक खोकं पाठवलं. आत दोन मोठी पांढरी ताटं, एकसारखी, आणि दोन जाड मेणबत्त्या. मागोमाग तिचा फोन. "आई, ऐक. उद्या दोघांनी एकाच वेळी जेवायचं. दोन ताटं. समोरासमोर. टीव्ही बंद. सगळं आधी करून ठेव, मधे उठायचं नाही. आणि एकमेकांना घास भरवायचा, मला फोटो पाठवायचा. याला रोमँटिक डिनर म्हणतात."

मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे लाइट गेल्यावर मेणबत्ती लावतात. लाइट असताना लावली तर शेजारची येऊन विचारेल, तुमचाच फ्यूज उडाला का."

"आई, तुला माझी शप्पथ आहे."

आता शप्पथ घातल्यावर काय बोलणार.

भरीत करायचं ठरवलं. भावानं पहूरहून येणाऱ्या ओळखीच्या गाडीत वांगी पाठवली होती, एकेक हातभर, हिरवी, वर पांढऱ्या रेघा. गॅसवर भाजलेलं भरीत मी भरीत धरत नाही. कपाशीच्या काड्या पेटवून त्यावर वांगी भाजायला यांनाच गच्चीवर पाठवलं. खाली आले ते सगळे धुरकटलेले, डोळे लाल, पण खुशीत होते. सोलून मी बडग्यात ठेचलं, आमच्याकडे भरितासाठी लाकडाचं भांडं असतं ते. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, तेल मोकळ्या हातानं. बरोबर कळण्याच्या पुऱ्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, खारट, कडक, आणि तळलेल्या मिरच्या. हे दारात उभं राहून बघत होते. म्हणाले, "वरण नही शे का?"

मी म्हटलं, "भरितावर वरण? डोकं फिरलंय का? चार लोकांत म्हणू नका, खान्देशातून हाकलून देतील."

हे हसले. यांना हल्ली रोज वरण लागायचं. भाकरी वरणात कुस्करायची, पार पातळ काला करायचा आणि भुरके मारत संपवायचा. मला वाटायचं, वय झालं, पोट नाजूक झालं.

साडेसातला आम्ही बसलो. मोरपंखी साडी नेसले होते, पंधरा वर्षांपूर्वीची. यांनी पोरीनं दिलेला नवा शर्ट घातला होता. मेणबत्त्या लावल्या, पण दिवाही चालू ठेवला, नाहीतर भरितात मिरची कुठे ते दिसलं नसतं. दोन पाट समोरासमोर. दोन ताटं. मला बसवेना. पाणी राहिलं म्हणून उठले, मीठ राहिलं म्हणून उठले. हे म्हणाले, "बस ना आते. कितली उठशी?"

बसले. खरं सांगते, सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं माझ्या आयुष्यातली फार गोड गेली. गरम पुरी, गरम भरीत, कुणाला वाढायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. मी दाबून खात होते. पहिल्यांदाच कळलं की माझ्या हातचं गरम भरीत खरंच चांगलं लागतं. इतकी वर्षं मी ते गारच खाल्लेलं. हे बोलतही होते! म्हणाले, लग्नात घास भरवताना तू माझं बोट चावलं होतंस, तुझ्या बहिणींनी शिकवून पाठवलं होतं, मला दोन दिवस पक्कड धरता येत नव्हती. मी म्हटलं, मग सत्तावीस वर्षं बोलला नाहीत ते! मी इतकी हसले की ठसका लागला. हेही हसले, पण ओठ मिटून.

मग माझं यांच्या ताटाकडे लक्ष गेलं. पुरी तशीच होती. तिच्या मधला मऊ पापुद्रा तेवढा काढलेला. भरिताला नखाएवढा खड्डा पडला होता. मी चौथ्या पुरीवर होते.

"का हो, चांगलं नाही झालं?"

"झक्कास शे."

"मग खात का नाही?"

"खास ना," खातोय म्हणाले, आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा तोडून तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवला, वर घोटभर पाणी प्यायले. मी बघत राहिले. असं कोण जेवतं? डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, अगं बाई, यांना गहिवरून आलं की काय.

तेवढ्यात फोन वाजला. पोरीचा निरोप, घास भरवला का, फोटो कुठे आहे? मी यांना वाचून दाखवला. मोठी पुरी घेतली, दुमडली, त्यात चांगलं भरीत भरलं आणि यांच्या तोंडाशी नेलं. "करा आ. आज मी बोट चावू देणार आहे, फिटंफाट."

यांनी तोंड मागे घेतलं. "ठेव ताटमा, मी खाई लेस."

"लाजता काय? दार लावलंय. करा ना आ!"

"राहू दे ना."

"पोरीनं शप्पथ घातलीय."

हे बघा, मला वाटलं हे चेष्टा करतायत. मीही हट्टाला पेटले. डाव्या हातानं यांची हनुवटी धरली आणि उजव्या हातानं घास सरळ तोंडात कोंबला. पुरीची कडा दातांवर खटकन आपटली. घास आत गेलाच नाही. सगळं भरीत हनुवटीवरून नव्या शर्टावर. आणि मी हसत होते. देवा, मी खो खो हसत होते, म्हणत होते, लहान बाळ आहात का तुम्ही!

मग यांचा चेहरा बघितला. हे गाल धरून बसले होते, डोळे घट्ट मिटलेले. ओठाला पुरीची कड लागून रक्त आलं होतं.

माझं हसू जागच्या जागी थांबलं.

"आ करा," मी म्हणाले.

"काही नही शे. दात दुखस जरासा."

"मी म्हणते आ करा."

त्यांनी तोंड उघडलं.

"नीट उघडा."

"इतलंच उघडस."

मी वाकून बघितलं. वरच्या-खालच्या दातांमधे एवढीशी फट. मी माझं बोट घातलं. एक बोट गेलं. दुसरं घालायला गेले तर ते गेलं नाही, दातांवर अडकलं. माझ्या बोटाला गालाची आतली बाजू लागली आणि मी हात ओढून घेतला. गाल मऊ असतो ना आतून? हा ताठ होता. ओढून बांधलेल्या दोरीसारखा.

मी या माणसाला दिवसातून दोनदा जेवू घालते. सत्तावीस वर्षं. याच्या बनियनला भोक पडलं तर मला कळतं, याचा एक मोजा हरवला तर मला कळतं, आणि याचं तोंड बंद होत आलंय हे मला कळलं नाही?

"कधीपासून?" मी ओरडलेच.

"व्हई गयं काही दिवस. हळूहळू."

"कुणाला दाखवलं?"

मान हलवली, नाही.

"का? का नाही दाखवलं?"

यांनी शर्टावरचं भरीत बोटानं निपटून ताटात टाकलं. मग खाली बघतच म्हणाले, "भीती वाटनी. डाक्टरनी ते नाव घेतलं तं?"

कोणतं नाव ते मला विचारावं लागलं नाही. कॅन्सर. आमच्या गल्लीत दोघं गेलेत त्याच्यात, दोघांच्या गालात पुडी असायची. यांनी तंबाखू माझ्या शब्दाखातर सोडली नव्हती. तोंडात आग व्हायला लागली म्हणून सोडली होती. घाबरून सोडली होती. आणि मी आपली गल्लीभर मिरवत होते.

मी परत पाटावर बसले. समोर दोन ताटं. माझं चाटूनपुसून लख्ख. यांच्या ताटात पुरीचे कडक काठ गोल काढून एका बाजूला ठेवलेले, मिरची अख्खी. रोज असायचं तसंच. अगदी तसंच. फक्त आज मला माझं वेगळं ताट होतं.

"आणि ते... ते ताटात ठेवायचात ते?"

हे पुरीचे काठ बोटानं ताटात गोळा करत राहिले.

"मला कडक आवडतं म्हणून ठेवत होतात ना? बोला ना. माझ्यासाठी ठेवत होतात ना हो?"

यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "पहिले तुनासाठे नही व्हतं. चावाये नही, म्हणीसन ऱ्हाई जाये. मंग तू इतली खुश व्हयनी... मी काय सांगतू?"

चावता येत नव्हतं म्हणून राहायचं. मी खुश झाले म्हणून सांगितलं नाही. म्हणजे मी जितके पापड जास्त भाजत होते, तितके हे जास्त उपाशी उठत होते. आणि ते मी खात होते, बोटं चाटून खात होते. मोरीत जाऊन सगळं ओकले.

बाहेर आले तेव्हा मी यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तोंडाला येईल ते बोलले. मूर्ख म्हणाले, खोटारडे म्हणाले, जीव गेला असता तर काय ताटात ठेवून जाणार होतात का, असंही म्हणाले. हे ऐकत होते. मग मी ताजं वरण लावलं, भात केला, दोन्ही एकत्र घोटलं आणि चमचा हातात दिला. मी समोर बसून यांचं तोंड बघत होते. पूर्ण वाटी संपायला पाऊण तास लागला. पाऊण तास! पोरीचा परत निरोप आला, फोटो? मी तिला लिहिलं, अजून जेवतोय.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडू दिलं नाही. धुळ्यातच तोंडाचे विकार बघणारी एक डॉक्टरीण आहे, तिच्याकडे नेलं. वयानं माझ्या पोरीएवढी. तिनं बॅटरी मारून बघितलं, गालावरून आतून बोट फिरवलं. म्हणाली, काका, स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालून दाखवा. यांचं दीड बोट जात होतं. मला म्हणाली, काकू, धडधाकट माणसाची तीन जातात. घरी जाऊन मी स्वतःची घालून बघितली. गेली. वर चुकून बोट घशाला लागलं आणि मी रडत बसले.

"डाव्या गालात एक पांढरा चट्टा आहे," डॉक्टरीण म्हणाली. "त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवते. आठ दिवस लागतील. तंबाखू खाता?"

"सोडली," हे म्हणाले.

"आणि सुपारी?"

"तेवढी खातात," मीच उत्साहानं म्हणाले. "नुसती भाजकी. मीच कातरून देते."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, तेच जास्त वाईट होतं. म्हणाली, "काकू, गाल असा आखडतो तो मुख्यतः सुपारीनंच. तंबाखूपेक्षाही. लोकांना वाटतं नुसती सुपारी निरुपद्रवी."

तोंडचं पाणी पळालं माझं. डबी तिथेच माझ्या पर्समधे होती, परत जाताना यांना द्यायला घेतलेली. मला ती काढून फेकायचंही भान राहिलं नाही. रिक्षात बसल्यावर हे म्हणाले, "तुले कसं माहीत ऱ्हाई?" माझी समजूत घालत होते! मी म्हटलं, तुम्ही एक शब्द बोलू नका. हे नाही बोलले.

ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पोरीला सांगितलं. ती रडली, मग रागावली, मग दोन दिवसांची रजा घेऊन आली, बापासमोर बसून राहिली आणि गेली. मी घरातली सुपारी काढली, पूजेची सुद्धा. देवाला म्हटलं, तुझं तू बघ. रोज खिचडी, रोज वरणभात, तिखटाचा कणही नाही. मी ओट्याकडे पाठ करून बसायचे आता. यांचा प्रत्येक घास मोजायचे. आणि रोज डोक्यात एकच, चट्टा, चट्टा. तो चट्टा तसला निघाला तर? यांना बोलता नाही आलं तर? आधीच हा माणूस दिवसाला चार वाक्यं बोलतो, तीही गेली तर मी या घरात कुणाचं ऐकू?

नवव्या दिवशी बोलावलं. डॉक्टरीण कागद वाचत होती, मी तिच्या भुवया बघत होते. एवढ्यात हसली तर चांगलं, नाही हसली तर... ती हसली नाही. पण म्हणाली, "कॅन्सर नाही."

माझ्या तोंडून नुसता आवाज निघाला. यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता, तो सोडला.

"आज नाही," ती म्हणाली. "पण पुढे होणारच नाही असं मी लिहून देणार नाही. असा गाल धोक्याचाच. दर तीन महिन्यांनी दाखवायचं. सुपारी तोंडात गेली तर माझ्याकडे येऊ नका. आता उपचाराचं बघू. गालात इंजेक्शनं द्यायची की शस्त्रक्रियेला पाठवायचं, ते मला ठरवायचंय. हे किती वेगानं आवळत गेलंय, त्यावर आहे सगळं. म्हणून नीट आठवून सांगा काका, कडक खाता येईनासं झालं ते कधीपासून?"

हे म्हणाले, "पाच-सहा महिने झाले असतील."

तिनं पेन थांबवलं. "पाच-सहा महिन्यांत एवढं? मग फार झपाट्यानं चाललंय."

हे खाली बघत होते. लाजेनं कमी सांगत होते. पुरुष माणूस, दुखणं सांगताना निम्मंच सांगतो. पण त्या निम्म्यावर ती यांच्या गालाला सुरी लावायची की नाही ते ठरवणार होती. मला बोलावंच लागलं.

"पाच-सहा महिने नाही," मी म्हणाले. "गेल्याच्या आधीच्या आखाजीपासून. आखाजीच्या दुपारपासून."

आमच्याकडे दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. तुम्ही अक्षय्य तृतीया म्हणता ती. त्या दिवशी आमरस होता, खापरावरच्या पुरणपोळ्या होत्या, आणि मी कुरडया तळल्या होत्या. हे जेवून उठले आणि ताटात दोन कुरडया तशाच होत्या, चांगल्या मोठ्या, फुललेल्या. त्यांना हात लावलेला नव्हता.

हे माझ्याकडे बघायला लागले. यांना स्वतःला तो दिवस आठवत नव्हता.

डॉक्टरीण म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं होत आली. काकू, नक्की ना? अंदाजे नको. लोकांना दुखण्याचा महिना आठवत नाही, तुम्ही तर दिवस सांगताय. कसा काय लक्षात राहिला?"

मी यांच्याकडे बघितलं नाही. साडीचा पदर बोटाला गुंडाळत होते.

"त्या दिवशी मला फार आनंद झाला होता," मी म्हणाले.